वरून बटण, आतून वेल्क्रो

माझ्या मुलीला, भाग्याला, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा न राहणं) आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "चालते का?" लग्नात, बारशात, एसटीत, कुठेही. ती आता नऊ वर्षांची आहे. घरात वॉकरवर फिरते, लांब जायचं असलं की व्हीलचेअर घेते आणि सकाळी शाळेचा शर्ट स्वतः घालते. यातल्या शर्टाला जेवढा वेळ गेला तेवढा कशालाच गेला नाही, आणि त्याबद्दल आजवर एकाही पाहुण्याने विचारलेलं नाही. थेरपीत नेमकं काय चालतं, कोण काय करतं, घरच्यांच्या वाट्याला काय येतं, हे नुकतं निदान झालेल्या लेकरांचे आईबाप मला विचारत असतात. प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यात सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढते.

आमचं घर सोलापुरात, अशोक चौकाच्या अलीकडे. मिस्टर एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग चालू ठेवणारे, आहेत. मी घरी युनिफॉर्मच्या शर्टांना बटणं लावते, धागे कापते, घड्या घालते. सोलापूरची चादर आणि टॉवेल सगळ्यांना माहीत असतात, पण शाळेचे युनिफॉर्मही इथून परराज्यांत जातात हे कमी जणांना ठाऊक असतं. मजुरी नगावर. हे मुद्दाम आधी सांगितलं, कारण पुढे वेळेचा हिशेब सारखा येणार आहे आणि माझ्याकडे वेळ शर्टांवर मोजतात.

भाग्या दिवस भरायच्या दोन महिने आधी झाली. वजन दीड किलोच्या आत, त्यामुळे सुरुवातीचे दिवस काचेच्या पेटीत गेले. घरी आल्यावर दूध प्यायची, हसायची, ओळखायची, पण सात-आठ महिन्यांची झाली तरी बसेना. लंगोट बदलताना पाय बाजूला करायला गेलं की ते घट्ट मिटायचे. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा तपासणीला येतं. त्यातल्या डॉक्टरबाईंनी तिला काखेत धरून उभं केलं, तर पाय कात्रीसारखे एकमेकांवर गेले आणि फक्त चवडे टेकले. त्यांनी एवढंच बघितलं आणि पुढे पाठवायची चिठ्ठी लिहिली. या कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं येतात आणि पुढच्या तपासण्यांसाठी जिल्ह्याचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. तुमच्या अंगणवाडीत हे पथक येऊन गेलं की नाही, ताईंना विचारा. आमची गाडी तिथूनच सुरू झाली.

एमआरआय झाल्यावर मेंदूच्या डॉक्टरांनी जे समजावलं ते मला पहिल्यांदा नीट कळलं असं वाटलं. लवकर जन्मलेल्या बाळाच्या मेंदूत मधल्या पोकळ्यांच्या कडेचा भाग फार नाजूक असतो. रक्तपुरवठा कमी पडला की इजा तिथे होते. आणि पायांकडे जाणाऱ्या तारा त्या कडेला सगळ्यात जवळून जातात, हातांच्या थोड्या लांबून. म्हणून भाग्याचे पाय जास्त धरलेले, हात कमी, त्यातही उजवा जरा मागे. ही इजा वाढत जात नाही, पण हाडं वाढतात आणि आखडलेले स्नायू त्या वेगाने लांब होत नाहीत. त्यामुळे नऊ वर्षांत एकदाही "झालं, आता बास" असं कोणी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही.

पहिली चार वर्षं फिजिओथेरपीची. मान, पालथं पडणं, बसणं, गुडघ्यावर उभं राहणं. ती रडायची, मी भिंतीकडे बघायची. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, सगळ्यांचं सारखंच असतं. एएफओबद्दल मात्र सांगायला हवं. पायाचा प्लास्टरचा साचा घेऊन प्लॅस्टिकचा जो पट्टेवाला बूट बनवतात तो. टाच खाली राहावी, घोटा सरळ राहावा म्हणून. सोलापूरच्या एप्रिलमध्ये पारा ४२-४३ वर जातो आणि तेव्हा त्या प्लॅस्टिकमध्ये पायाचं काय होत असेल विचार करा. आत सुती, विनाशिवणीचा लांब मोजा, दुपारी एकदा बदलायचा. काढल्यावर कातडी बघायची. लालसर डाग वीस मिनिटांत गेला तर ठीक, राहिला तर बनवणाऱ्याकडे परत न्यायचा, तो गरम करून तेवढी जागा फुगवून देतो. साधारण वर्षभरात पाय वाढतो की नवा. चप्पल-बूट दोन नंबर मोठे घ्यावे लागतात. हे दुकानदाराला दर वेळी नव्याने पटवायचं.

पोटऱ्यांत एकदा आखडलेले स्नायू सैल करणारी बोटॉक्सची इंजेक्शनंही घेतली. त्याचा असर तीन ते सहा महिने राहतो. तेवढ्या काळात ताण देणं, उभं करणं जोरात करून घ्यायचं असतं. नुसतं इंजेक्शन घेऊन घरी बसलं तर पैसे गेले. आणि खुब्याचा एक्स-रे ठराविक काळाने काढत राहा. स्नायू ओढून ओढून खुबा हळूहळू जागेवरून सरकू शकतो आणि सुरुवातीला दुखतही नाही.

भाग्या चौथ्या वर्षात होती तेव्हा फिजिओच्या मॅडमनी आम्हा दोघांना बसवून घेतलं. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या हालचालींच्या पाच पातळ्या असतात, जीएमएफसीएस म्हणतात त्याला. पहिलीतली मुलं जवळपास सगळं करतात, पळतानाच थोडं जाणवतं. पाचवीतल्यांना मानेलाही आधार लागतो. भाग्या तिसरीत. मॅडमनी कागदावर एक रेघ काढली. आधी भराभर वर जाणारी, मग आडवी. साडेसहाशेच्या वर मुलांच्या नोंदींवर असे आलेख बनलेत, म्हणाल्या, आणि पाच वर्षांच्या आसपास ही रेघ आडवी व्हायला लागते.

मिस्टरांनी विचारलं, "म्हणजे पुढे काही नाही?"

"चालण्यात फार नाही. घरात वॉकर, बाहेर चाकाची खुर्ची. पण ही रेघ फक्त पायांची आहे, दादा. जेवण, कपडे, संडास, शाळा, यांची रेघ मी इथे काढलेलीच नाही."

खुर्ची हा शब्द घरी पोचला आणि सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. त्यांनी सिद्धेश्वराला नवस बोललेला होता, नात चालत दर्शनाला येईल म्हणून. मी त्यांना समजवायला गेले नाही. मला स्वतःला त्या आलेखाचं वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं. तोवर रोज सकाळी उठून एकाच गोष्टीची वाट बघायची आणि रोज ती झालेली नसायची. आता दुसरं काहीतरी करता येणार होतं.

मग २०२० चा मार्च आला आणि सगळंच बंद पडलं. सेंटर बंद, कारखाने बंद, शर्टांचे गठ्ठे बंद. मॅडम व्हॉट्सॅपवर व्हिडिओ कॉल करायच्या. घरात ना बॉल, ना रोल, ना बार. पहिल्याच कॉलला त्यांनी विचारलं, "चादरी आहेत ना?" सोलापुरात हे विचारायचं! दोन जड चादरी घट्ट गुंडाळून सुतळीने बांधल्या. झाला रोल. त्यावर भाग्याला घोड्यावर बसतात तसं दोन बाजूंना पाय टाकून बसवायचं, म्हणजे मांड्या आपोआप फाकतात आणि ती खेळण्यात गुंग राहते. तीच गुंडाळी छातीखाली घेऊन पालथं झोपवलं की हातांवर जोर येतो. तिसरी चादर पसरून त्यात तिला ठेवायचं, चार कोपरे आम्ही दोघांनी धरायचे आणि झोका द्यायचा. हळू आणि एका लयीत झुलवलं की तिचं अंग सैल पडायचं, आणि मग ताण द्यायला पाय सापडायचे. शेजारच्या अक्का गॅलरीतून बघत बसायच्या आणि तेलुगूत नातवंडांना ओरडायच्या, तुम्हालाही हवाय का झोका म्हणून. ते लॉकडाऊन भाग्याच्या पायांना मानवलं असंच मी म्हणेन. आम्ही दोघं चोवीस तास घरी होतो, दुसरं काही नाही.

सेंटर पुन्हा सुरू झाल्यावर ऑक्युपेशनल थेरपीच्या मॅडम आल्या आणि खरी गोष्ट इथून सुरू होते. ढोबळ विभागणी सांगायची तर फिजिओकडे पाय, कंबर, तोल, बूट. ओटीकडे हात आणि रोजची कामं, म्हणजे खाणं, कपडे, आंघोळ, बसायची जागा, लिहिणं. स्पीचवाल्यांकडे बोलणं, शिवाय चावणं, गिळणं आणि लाळ. ओटीच्या या मॅडमनी पहिल्या दिवशी भाग्याला हातही लावला नाही. मला म्हणाल्या, "ताई, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तुमचे हात कुठेकुठे लागतात ते लिहून आणा."

मी शर्टांच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहायला घेतलं. दात घासताना, तोंड पुसताना, चड्डी, फ्रॉक, केस, चहात बिस्कीट बुडवताना, पाणी, उशी सरकवताना, पडलेला खडू उचलून देताना... दुपार व्हायच्या आत पान भरलं. मॅडमनी यादी वाचली आणि भाग्यालाच विचारलं, "यातलं आईने काय करू नये असं तुला वाटतं?"

ती म्हणाली, "पाणी."

मला वाटलं होतं चालणं म्हणेल, निदान चित्र काढणं तरी. पण उन्हाळा होता आणि मी मशीनवर बसलेली असताना तिला प्रत्येक घोटासाठी हाक मारावी लागायची. मी "एवढा शर्ट होऊ दे" म्हणायची.

मग पाण्याचे तुकडे पाडले. माठापर्यंत जाणं, वॉकर लावून थांबणं, एक हात सोडणं, पेला धरणं, तोटी सोडणं, बंद करणं, पेला तोंडाला लावणं, परत ठेवणं. यातलं तिला काय जमतं, काय नाही, ते मॅडमनी घरी येऊन बघितलं. सेंटरमध्ये नाही, आमच्या स्वयंपाकघरात, हे महत्त्वाचं. तिवईवरचा माठ फार खाली होता, वॉकरवरून वाकलं की तिचा तोल जायचा. तो कट्ट्यावर कडेला आणला. तोटी फिरवायची होती आणि मनगट फिरवणं तिला अवघड. मिस्टरांनी ती काढून दाबायची बसवली. स्टीलचा उंच पेला निसटायचा, त्याजागी कानाचा रुंद मग. एक हात सोडला की पडेल ही भीती होती, म्हणून कंबर कट्ट्याला टेकवून उभं राहायला शिकवलं. वॉकर घेऊन भरलेला मग नेता येत नाही, तर न्यायचाच नाही, तिथेच प्यायचं आणि तिथेच ठेवायचं.

शिकवलं उलटीकडून. सगळं मी करायचं, शेवटचा घोट घेणं आणि रिकामा मग ठेवणं तिचं. ते जमलं की त्याच्या आधीची पायरी तिची. असं मागे मागे येत पहिल्या पायरीपर्यंत. यामुळे होतं काय, की दर वेळी काम तिच्याच हातून पुरं होतं. सुरुवातीची पायरी तिला दिली असती आणि उरलेलं मी उरकलं असतं तर तिच्या लेखी ते आईनेच केलेलं राहिलं असतं.

सांडायचं फार. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं, पिंपं भरून ठेवायची, आणि तिथे फरशीवर ओघळ बघून सासूबाईंचा जीव खालीवर. तोटीखाली पातेलं ठेवलं, सांडलेलं झाडाला. पण त्याहून त्यांना सोसायचं नाही ते भाग्याचं ताटकळणं. "पोरगी तहानेनं कासावीस झालीय अन् तू बघत बसलीस व्हय?" आणि मी वळायच्या आत पाण्याचा मग तिच्या तोंडाला लावलेला. मॅडमनी त्यांना काम दिलं. "आजी, ती पाणी घेते तोवर तुम्ही तिला गोष्ट सांगायची. हात मात्र पदराखाली." सासूबाईंनी ते खरोखर पाळलं. पाणी प्यायला माठाजवळ जायचं आणि अर्धी गोष्ट ऐकून यायचं. तिने दिवसभरात इतकं पाणी प्यायला सुरुवात केली की संडास-बाथरूमचा प्रश्न त्याच उन्हाळ्यात समोर आला.

त्याचं थोडक्यात सांगते. उकिडवं तिला बसता येत नाही, खुबे आणि टाचा देत नाहीत. भारतीय भांड्यावर ठेवायची कमोडची खुर्ची आणली. पाय लोंबकळत राहिले तर तिचं सगळं अंग ताठ होतं आणि पोट साफ होत नाही, म्हणून पायाखाली लाकडी पाट. भिंतीला जीआय पाइपचा दांडा, मिस्टरांनीच ओळखीच्या वेल्डरकडून करून आणला. चड्डीच्या दोन्ही बाजूंना मी आतून कापडी फासे शिवले, बोट अडकवून खाली-वर ओढायला. शिवणारीच्या घरी जन्मली म्हणून हे सगळं फुकटात झालं. बाजारात अशा वस्तू कमी मिळतात आणि मिळाल्या तर महाग.

आता शर्ट.

शाळेचा शर्ट म्हणजे पुढून उघडा, कडक कॉलर, पाच बटणं. मी दिवसाला ढिगाने लावते ती बटणं माझ्या मुलीला लावता येत नव्हती. आधी बसायची जागा ठरली. पलंगाच्या कडेवर बसून तिचे दोन्ही हात तोल सांभाळण्यातच जायचे. खोलीचा कोपरा, तिथे बुटकं स्टूल, पाय जमिनीवर पूर्ण टेकलेले. दोन भिंती पाठीला आणि खांद्याला आधार देतात आणि हात मोकळे होतात. मग नियम एक: अवघड हात आधी. घालताना उजवी बाही पहिली, काढताना उजवी शेवटची. शर्ट मांडीवर उलटा पसरायचा, उजवी बाही खांद्यापर्यंत ओढून घ्यायची, कॉलर मानेमागून फेकायची. ही फेक जमायला दिवाळीपासून होळी आली. कॉलर मानेत अडकायची, ती चिडायची, शर्ट फेकायची. फेकलेला शर्ट मीच शिवलेला असायचा.

बटणांसाठी मी कारागिरी केली. काजं शिवून बंद केली, त्यांच्यावर बाहेरून बटण टाकलं आणि आतून वेल्क्रोचे चौकोन लावले. बघणाऱ्याला सगळ्यांसारखाच शर्ट. आधी उभी एकच पट्टी लावली होती, तिच्यात धागे अडकायचे आणि शर्ट वाकडा बसायचा. सुटे चौकोन बरे. सुरुवात खालच्या बटणापासून करायची, कारण ते तिला दिसतं. गळ्याजवळचं दिसत नाही, ते बोटांनी चाचपडून लावायचं, म्हणून शेवटी. मिस्टरांनी कारखान्यातल्या तारेचा, लाकडी मुठीचा एक हूक करून दिला, काजातून घालून बटण ओढून घ्यायचा. खऱ्या बटणांसाठी. तो वापरते ती अधूनमधून, पण हळू होतं. मॅडमना विचारलं, खरी बटणं यायलाच हवीत ना? म्हणाल्या, "का? तिला शाळेत वेळेवर जायचंय. परीक्षा थोडीच आहे ही."

अजून एक गोष्ट मॅडमनी बजावलेली: शाळेच्या घाईत शिकवायचं नाही. सकाळी मीच घालून द्यायची, शिकणं संध्याकाळी आणि रविवारी. सगळं जुळून आल्यावर मग सकाळ तिच्या ताब्यात. सुरुवातीला पाऊण तास लागायचा. त्या पाऊण तासात मी शेजारी बसून शर्टांचे धागे कापायचे, पण डोळे तिच्यावर, त्यामुळे कामही अर्धंच. महिन्याच्या हिशेबात ते दिसायचं. सेंटरमधलं सेशन पंचेचाळीस मिनिटांचं, त्याची फी असते, पावती असते. घरातल्या या तासांची पावती कुणी देत नाही, आणि सगळी थेरपी तर त्यांवरच उभी आहे. सेंटरच्या बाकावर अक्कलकोटकडच्या एका खेड्यातून येणारी एक आई भेटायची. शेतमजुरी करणारी. तिचं लेकरू भाग्यापेक्षा हुशार, हाताने चांगलं. ती म्हणायची, "मॅडम सांगतेत तसं थांबायचं म्हणलं तर माझी रोजंदारी जातीय. मी भरवून मोकळी होते." तिला आळशी किंवा अडाणी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. लेकराला स्वावलंबी करायचं तर कुणाला तरी रिकामं बसून थांबावं लागतं, आणि ती ऐपत प्रत्येक घरात नसते.

तिच्यासाठी मॅडमनी काय केलं तेही सांगते. सगळं सोडून फक्त रात्रीचं जेवण धरलं. दिवसातला तेवढा एकच वेळ तिला घाई नसायची. ताटाखाली ओलं फडकं म्हणजे ताट सरकत नाही, भाकरी आधीच कुस्करून आमटीत, आणि शेवटचे चार घास त्याने स्वतः खायचे. एवढंच. व्हिडिओ काढून पाठवायचा.

कागदपत्रांचं लवकर उरका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले आणि बहुतेक सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट आहे. अर्ज ऑनलाइन करायचा, मग मेडिकल बोर्डापुढे मूल न्यायचं, आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, येतं. ४० ते ८० टक्क्यांमधल्यांना पिवळ्या पट्टीचं, त्यावर निळ्या. एसटीत तिकिटाला ७५ टक्के सवलत. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा विमा असतो, तो सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चौघांसाठीच. थेरपीची बिलं त्यात ठराविक मर्यादेपर्यंत बसतात, म्हणून पावत्या फेकू नका. व्हीलचेअर आम्हाला एडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या सरकारी योजनेच्या शिबिरात मिळाली. कार्डाच्या झेरॉक्स एकदम वीस काढून ठेवा.

एक इशारा. मधल्या काळात एका ठिकाणाहून फोन यायचे. स्टेम सेल म्हणजे मूळ पेशींचा उपचार, मुलगी चालेल, पॅकेज काही लाखांचं, हप्ते करून देतो. मिस्टर गावाकडची जमीन विकायच्या विचारात होते. मेंदूच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सेरेब्रल पाल्सीसाठी याला उपचार म्हणून मान्यता नाही, रक्ताच्या काही आजारांपुरतंच ते आहे. जमीन राहिली.

शाळेचं म्हणाल तर पहिल्या एका खासगी शाळेने "आमच्याकडे सोय नाही" म्हणत गोड बोलून वाटेला लावलं. सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षण हा तिचा कायद्याने हक्क आहे हे तेव्हा मला पाठ नव्हतं, आता आहे. दुसऱ्या शाळेत घेतलं. वर्ग तळमजल्यावर आणला, समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेचे विशेष शिक्षक येऊन बाईंना बसायची-लिहायची पद्धत दाखवून गेले. सगळं छान चाललेलं आणि तरी भाग्याची पाण्याची बाटली रोज भरलेली परत यायची. घरी माठावर तुटून पडणारी मुलगी शाळेत घोटभर पीत नव्हती. कारण विचारलं तर गप्प. तिच्या मैत्रिणीने सांगितलं: प्यायलं की जायला लागतं, आणि तिथे तिला बसता येत नाही. मोठ्या सरांनी परवानगी दिली आणि एका रविवारी मिस्टर वेल्डरला घेऊन शाळेत गेले. घरच्यासारखाच दांडा, घरच्यासारखीच खुर्ची. त्या दांड्याला धरून आता पहिलीतली धडधाकट पोरंही लोंबकळतात अशी तक्रार आहे.

बोलण्याचं बाकी राहिलं. तिचे शब्द थोडे ओढत येतात, अनोळखी माणसाला पहिल्या वाक्यात कळत नाही. स्पीचच्या मॅडमनी गृहपाठ दिला, बाहेर गेल्यावर तिचं तिने विचारायचं. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर खुर्ची घेऊन गेलो. सासूबाई "सगळे बघत्यात" म्हणत मागे मागे, पण आल्या. बांगड्यांच्या गाड्यावर भाग्याने किंमत विचारली. गाडेवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी लांब पाळण्याकडे बघायला लागले. त्याने पुन्हा माझ्याकडे बघितलं. भाग्याने दुसऱ्यांदा, सावकाश, तोडून तोडून विचारलं आणि तो तिच्याकडे वळून म्हणाला, "साठ." ती म्हणाली, "चाळीस." पन्नासला सौदा झाला. सासूबाई म्हणाल्या पंचेचाळीसला दिल्या असत्या.

सध्या घरात केसांवरून वाजलंय. सासूबाईंनी तिचे केस कमरेपर्यंत वाढवलेत, रोज तेल लावून दोन वेण्या घालणं हा त्यांचा मान. वेणी घालायला दोन्ही हात डोक्यामागे न्यावे लागतात आणि भाग्याचा उजवा तिथे पोचत नाही. मॅडम म्हणाल्या, वेणीला मदत घेतली तरी काही बिघडत नाही, सगळंच स्वतः करायला हवं असं नाही. मलाही ते पटलेलं. पण विचारलं कुणी भाग्याला? मागच्या आठवड्यात तिने जाहीर केलं की तिला बॉबकट करायचाय, म्हणजे कंगवा एका हाताने फिरवला की झालं. आजी म्हणाल्या, माझ्या जिवंतपणी नाही. भाग्या म्हणाली, केस माझे आहेत. मिस्टर कारखान्यात निघून गेले. मी शनिवारी तिला पार्लरमध्ये नेऊन आणलं, खुर्ची पायरीवरून चढवायला पार्लरवाल्या ताईच बाहेर आल्या. सासूबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत, भाग्याशी बोलतात.